फ्यूजची काच आणि शंभर वॅटचा दिवा

१९९१च्या पावसाळ्यात पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एक होल्डर, एक सॉकेट आणि दोन मीटर वायर आणून मी माझा पहिला सिरीज बोर्ड बांधला. लाकडी फळी, तिच्यावर शंभर वॅटचा दिवा आणि दिव्याच्या पुढे सॉकेट. गिटारचा अॅम्प 'डेड आहे' म्हणून कुणी उचलून आणला, की तो थेट भिंतीतल्या सप्लायवर लावायचा नाही, आधी दिव्यातून करंट जाऊ द्यायचा, हे ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दिवा भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट. क्षणभर उजळून मंदावला तर सप्लाय आत पोहोचतोय, पुढे बघा. आणि मुळीच लागला नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे. या तीन उत्तरांवर मी तीस वर्षांहून जास्त काळ काम केलं. त्या काळाची वही माझ्याकडे आहे: अॅम्प कुठून आला, काय सापडलं, काय बदललं. ती परवा पुन्हा वाचून काढली.

सुरुवातीच्या पानांवर व्हॉल्व्हचे अॅम्प बरेच आहेत. चर्चमधले, ऑर्केस्ट्रातल्या जुन्या वादकांचे, कुणाच्या वडिलांनी जपून ठेवलेले. मार्शलचा साठच्या दशकातला पहिला अॅम्प फेंडरच्या बेसमनवरून घेतलेला होता, आणि पुढे आमच्याकडच्या हौशी कारागिरांनी बांधलेले अॅम्पही त्याच वळणाचे. एकाचं सर्किट समजलं की दुसऱ्याच्या पोटात हात घालता यायचा. या अॅम्पच्या बाबतीत 'डेड' हा शब्द मी कधीच पहिल्या फटक्यात मान्य केला नाही. पुढचा लाल दिवा व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेच्या ६.३ व्होल्टवरच चालतो. तो दिवा गेला म्हणून माणूस अख्खा अॅम्प गेला समजतो. खोलीत अंधार करून मागून डोकावलं तर व्हॉल्व्ह नारंगी तापलेले दिसतात. असा अॅम्प डेड नसतो, मुका असतो, आणि मुकेपणाचा शोध वेगळीकडून सुरू होतो. कित्येकदा स्टँडबायचं बटण खाली राहिलेलं असायचं.

१९९४चं एक पान आहे, ते मी कधी चटकन उलटत नाही. एका गिटारवादकाचा चाळीस वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प. फ्यूज गेला होता. मी नवा घातला, तो गेला. दुसरा घातला, तोही गेला. संध्याकाळी त्याचा कार्यक्रम होता, तो समोर उभा होता, आणि मी एक अँपिअरच्या जागी पाच अँपिअरचा फ्यूज बसवला. अॅम्प चालू झाला. चार मिनिटांनी वास आला, तो वार्निश जळण्याचा वास होता. रेक्टिफायर व्हॉल्व्ह आतून शॉर्ट होता; छोटा फ्यूज जळून तेच सांगत होता. मोठा फ्यूज गप्प बसला आणि ट्रान्सफॉर्मर जळला. रिवाइंडिंगला आठ दिवस लागले. त्या वादकाचा कार्यक्रम बुडाला, आणि त्याने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्यानंतर आजतागायत मी पाठीमागे छापलेल्या आकड्यापेक्षा एक पैसाही मोठा फ्यूज लावलेला नाही. सिगारेटची चांदी गुंडाळलेले, तांब्याची तार ओढलेले फ्यूज होल्डरमधून निघतात तेव्हा आजही मला राग येतो. तशा अॅम्पच्या लोखंडी चासीला, गिटारच्या तारांमार्फत, एका माणसाचे हात लागलेले असतात.

त्या घटनेनंतर मी जळलेले फ्यूज फेकणं बंद केलं. काच उजेडात धरून बघायला लागलो. आत काळा, आरशासारखा थर चढला असेल तर एका क्षणात प्रचंड करंट धावलेला असतो, म्हणजे शॉर्ट. तार मधोमध शांतपणे वितळून तुटली असेल तर भार थोडाच जास्त होता, किंवा फ्यूज नुसता वयानं थकला. आणि तार टोकाशी, टोपीच्या आत सुटली असेल तर कुणाचाच दोष नाही. तसंच काचेवरचं अक्षर. 'टी' म्हणजे सावकाश उडणारा, 'एफ' म्हणजे झटक्यात. मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना पहिला घोट मोठा घेतो; तिथे 'एफ' लावला तर निरोगी अॅम्पही फ्यूज उडवत राहतो.

२०००नंतरच्या पानांवर अमेरिका यायला लागते. पुण्यातली मुलं तिकडे नोकरीला गेली, येताना आवडीचा अॅम्प घेऊन आली, किंवा धाकट्या भावासाठी पाठवला. तिकडचा सप्लाय १२० व्होल्ट, आपला २३०. पिन टॉपला अडॅप्टर लावला की खटका बसतो, पण अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आणल्या दिवशीच अॅम्प गेला, अशा नोंदी ओळीने आहेत. काहींच्या पाठीमागे ११५ आणि २३० लिहिलेलं बारीक लाल सरकबटण होतं, ते स्क्रूड्रायव्हरने आधी सरकवलं असतं तर काम झालं असतं. ज्यांना तेही नव्हतं, त्यांना स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. लोक वाईट बातमीच्या तयारीने यायचे. पण फ्यूजने वेळेवर जीव दिला असेल तर बऱ्याचदा अॅम्प वाचायचा.

याच काळात मी एक मोजणी पक्की केली, आणि माझ्या हाताखालच्या मुलांना तीच आधी शिकवली. अॅम्पची वायर भिंतीतून काढायची, अॅम्पचं बटण मात्र चालू ठेवायचं, आणि मीटर पिन टॉपच्या फेज आणि न्यूट्रलच्या दोन पिनांवर लावायचं. काही ओहम दाखवले तर वायर, फ्यूज, बटण आणि ट्रान्सफॉर्मरचं पहिलं वेटोळं, सगळं एका झटक्यात तपासून झालं. काहीच दाखवलं नाही तर एकेक टप्पा मागे यायचं. बहुतेक वेळा तुटलेली जागा पिन टॉपच्या मानेशी असते, जिथे वायर रोज वाकते. ट्रान्झिस्टरच्या अॅम्पमध्ये आणखी एक लपलेली जागा असते: ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात, पिवळ्या टेपखाली दडवलेला थर्मल फ्यूज. ट्रान्सफॉर्मर फार तापला की तो कायमचा तुटतो, बाहेरून काहीही दिसत नाही. टेप अलगद सोडवून तो तेवढ्याच डिग्रीचा बदलता येतो, पण आधी तो का तापला ते शोधून.

भारनियमनाची वर्षं मी विसरू शकत नाही. जनरेटर, तात्पुरत्या जोडण्या, पावसात भिजलेले मंडप. एका गणेशोत्सवात एकाच मंडपातून एकाच रात्री दोन अॅम्प, एक मिक्सर आणि एक कीबोर्ड आला, सगळे एकाच क्षणी गेलेले. कारण न्यूट्रल सुटला होता. तीन फेजच्या जोडणीत प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये जवळपास ४००. न्यूट्रल तुटला की जिच्यावर भार कमी, त्या फेजवर व्होल्टेज चढतं. एका अॅम्पमध्ये सप्लायच्या तोंडाशी निळी गोल चकती होती, एमओव्ही, चढलेलं व्होल्टेज स्वतःवर घेणारी. ती फुटून तिचे तुकडे झाले होते आणि फ्यूज उडाला होता. या दोन वस्तू बदलल्यावर तो अॅम्प उठला. दुसऱ्यात चकती नव्हती.

अलीकडची पानं हलक्या अॅम्पची आहेत. लोखंडी ट्रान्सफॉर्मर गेला, एसएमपीएस म्हणजे स्विचिंगचा हलका सप्लाय आला. त्याच्या तोंडाशी २३०चा सप्लाय सरळ होऊन साधारण ३२५ व्होल्ट डीसी बनतो आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. जुन्या व्हॉल्व्ह अॅम्पमध्ये तर त्याहून जास्त. रेझिस्टर लावून ते उतरवल्याशिवाय, मीटरने शून्य बघितल्याशिवाय बोट आत जाऊ द्यायचं नाही. इथे पिनांवरची ओहम मोजणी पूर्वीसारखं बोलत नाही, आणि सिरीजचा दिवाही कधी लुकलुकत राहतो, कारण सप्लाय उठायचा प्रयत्न करतो आणि दिवा त्याला पुरेसं देत नाही. तरी शोध जमतो: सुकलेला छोटा कपॅसिटर, तडकलेला सोल्डर, आणि आपल्याकडे नेहमी, बोर्डावर ऊब शोधत शिरलेली पाल. पण पुष्कळदा चिपवरचा नंबरच खरवडलेला असतो, सर्किटचा कागद मिळत नाही, आणि 'नवा बोर्ड मागवा' हे सांगावं लागतं. ते सांगणं मला अजून जड जातं. तीस वर्षं वाजवता येईल असं कॅबिनेट, उत्तम स्पीकर, आणि हातभर बोर्डापायी सगळं अडगळीत.

सिरीज बोर्डाची फळी तीच आहे, होल्डर दोनदा बदलला. दिवा मिळणं मात्र कठीण झालंय. एलईडी तिथे चालत नाही. तारेचाच दिवा लागतो, कारण तापल्यावर त्याचा विरोध वाढतो आणि तोच अॅम्पला सांभाळतो. दुकानदार शंभर वॅट म्हटलं की मान हलवतात. मागच्या महिन्यात रास्ता पेठेतल्या एका जुन्या दुकानात माळ्यावरून सहा निघाले. सगळे घेतले.