वाळवंटाबाहेरचा उंट

उंट म्हटलं की वाळू, ही सांगड इतकी पक्की आहे की नागपूरजवळच्या वाडीच्या पुढे, ट्रान्सपोर्टची गोदामं संपल्यावर लागणाऱ्या काळ्या शेतांत उंट दिसला, तर तो वाट चुकून आला असंच वाटतं. पण विदर्भात मेंढपाळ कच्छी रबाऱ्यांचे डेरे अनेक वर्षांपासून फिरत आहेत. उंटाचं राहण्याचं ठिकाण वाळूवर कमी आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्या माणसांच्या पोटापाण्यावर जास्त ठरतं. देशातल्या जातीच पाहा. अंगापिंडानं भारदस्त बिकानेरी ओझ्याचा, लांब पायांचा जैसलमेरी स्वारीचा. हे दोघे खरे वाळूतले. मेवाडी मात्र अरवलीचे दगडधोंडे तुडवतो, माळवी मध्य प्रदेशातला, आणि २०१५ साली स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेलेला कच्छचा खाराई तर खाडी पोहून तिवरांचा पाला खातो. लडाखच्या नुब्रा खोऱ्यातला दोन मदारींचा उंट बर्फाळ थंडी सोसतो. म्हणजे कच्छी उंटानं बाभूळ, बोर, हिवर ओरबाडत विदर्भात राहण्यात अक्रीत काही नाही.

इथं त्याचं काम एकच, डेरा हलवणं. पाठीवर उलटी बाज बांधायची, तिच्या पायांच्या आत गोधड्या, भांडी आणि चालू न शकणारी कोवळी कोकरं. मेंढ्या शेतकऱ्याच्या वावरात खतासाठी बसवायच्या आणि वावर खतावलं की पुढचं गाव. काळ्या मातीत पावसाळ्यात उंटाचे गादीदार तळवे घसरतात, गोमाश्यांमुळे सर्रा हा रोग होतो, हे आक्षेप खरेच आहेत. पण म्हणून तर पावसाळ्यात उंच, मुरमाड जागा शोधायची असते. प्राण्याची मर्यादा ठाऊक असलेलं माणूस बरोबर असलं, म्हणजे ती मर्यादा हद्दपारीचं कारण ठरत नाही.

दुसरा आक्षेप संशयाचा. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला ५८ उंट अडवले गेले. कत्तलीसाठी हैदराबादला चालवलेत, अशी तक्रार होती. उंट अमरावतीच्या गोरक्षणात ठेवले. पुढच्याच महिन्यात न्यायालयानं ते मालकांना परत द्यायला सांगितलं. कत्तलीसाठी उंटांची चोरटी ने-आण देशात होते, त्यामुळे चौकशी गैर नव्हती. पण सगळे नर पाहून शंका घेणाऱ्यांनी एवढं तरी विचारायचं होतं, की ओझ्याला लोक नरच पसंत करतात ना?

राजस्थाननंही २०१५ च्या कायद्यानं कत्तलीबरोबर उंट राज्याबाहेर नेण्यावर बंधनं घातली. देशातले उंट २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ४ लाख होते, २०१९ मध्ये अडीच लाखांवर आले. सगळा दोष कायद्याचा नाही. ट्रॅक्टर आले, चराई आक्रसली. तरी गिऱ्हाईकच तोडलं तर उंटाचं पिल्लू कोण पोसणार? मग डेरा हलवायला टेम्पो घ्या, असं सहज सुचवलं जातं. काही डेऱ्यांनी तो घेतलाही असेल. पण टेम्पोला डिझेल लागतं, आणि मेंढ्यांमागे धुऱ्यावरून तो जात नाही.