इस्तंबूलची ट्राम : गेलेली, परत आलेली

उमरा करून परतताना आमच्या टूरवाल्यांनी इस्तंबूलचे चार दिवस जोडले होते. मुक्काम लालेली भागात. तिसऱ्या दिवशी दुपारी मोकळा वेळ मिळाला तेव्हा मी आणि अम्मी दोघीच बाहेर पडलो. मला तोपकापी महाल पाहायचा होता. ट्रामच्या नकाशावर ‘तोपकापी’ असा थांबा स्पष्ट दिसत होता, म्हणून बसलो. उतरलो तर महालाचा पत्ता नाही. समोर जुन्या तटबंदीचे पडके बुरूज आणि मोठा हमरस्ता! एका दुकानदाराला विचारलं तर त्याने हसत उलट दिशेला हात केला. ही चूक रोज कितीतरी जणांची होत असावी.

तोपकापी म्हणजे तोफेचा दरवाजा. १४५३ मध्ये सुलतान मुहम्मद फातिह यांच्या मोठ्या तोफा याच बाजूच्या तटासमोर होत्या. महालाला नाव मिळालं ते समुद्राकडच्या दुसऱ्याच एका दरवाजावरून. दोन्हींत चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे. महालाला जायचं तर सुलतानअहमद किंवा गुलहाने या थांब्यावर उतरायचं. आणि हो, मंगळवारी महाल बंद असतो. आमचा तो दिवस मंगळवारच होता, हे मला नंतर कळलं.

अम्मीला मात्र काही वाटलं नाही. “परत ट्रामनेच जायचंय ना? मग चल की,” म्हणाली. तिचं बालपण डोंगरीत गेलं. नानांचं बोट धरून ती मुंबईच्या ट्राममध्ये बसलेली आहे. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली, तेव्हा ती दहा वर्षांची होती. आपल्या मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये, आणि आता उरलंय ते ‘दादर टी.टी.’ एवढं नाव. त्यातला एक ‘टी’ ट्रामचा, हे तरुण मुलांना सांगावं लागतं.

इस्तंबूलची गोष्ट आपल्याहून फार वेगळी नाही. तिथे घोड्यांची ट्राम १८७१ मध्ये सुरू झाली. गल्ल्या अरुंद आणि गर्दी मोठी, म्हणून गाडीपुढे एक माणूस “वार्दा! वार्दा!” ओरडत पळायचा. वार्दा म्हणजे बाजूला व्हा. बायकांसाठी डब्यात पडदा टाकून वेगळी जागा असे. प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या काळात तो पडदा गेला. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटलं आणि लष्कराने ट्रामचे घोडेच नेले. जवळजवळ वर्षभर शहर ट्रामविना राहिलं. १९१४ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. तिला वीज पुरवणारं सिलाहतारआचं वीजकेंद्र आज एका विद्यापीठाच्या आवारात संग्रहालय म्हणून जपलेलं आहे.

मग मोटारींचा जमाना आला. १२ ऑगस्ट १९६१ ला युरोपच्या बाजूची ट्राम बंद झाली, १४ नोव्हेंबर १९६६ ला आशियाच्या बाजूची. ट्राम रस्ता अडवते, ट्राम जुनाट, हेच तेव्हा सगळीकडे म्हटलं जात होतं.

आम्ही तोपकापीहून परत निघालो तो रस्ता मिल्लत जाद्देसी, म्हणजे मिल्लत रस्ता. रुंद, सरळ, मधोमध ट्रामचे रूळ. पाहायला छान वाटतो. पण तो इतका सरळ कसा झाला, हे समजलं की जरा थबकायला होतं. १९५६ पासून पंतप्रधान अदनान मेंदेरेस यांनी इस्तंबूलचे रस्ते मोटारींसाठी रुंद करण्याचं काम स्वतः जातीने चालवलं. मिल्लत आणि वतन हे दोन हमरस्ते जुन्या वस्त्यांमधून आरपार काढले गेले. घरं, हमाम, काही जुन्या मशिदीही त्यात गेल्या. बायझीद थांब्याजवळ सिमकेशहाने नावाची जुनी इमारत आहे; सोन्याचांदीची तार काढायचा तो कारखाना. रस्त्यासाठी तिचा पुढचा भाग कापून टाकला, तो कापलेला चेहरा आजही दिसतो. काराकोयची मशीद तर १९५८ मध्ये दगड न् दगड सुटा करून किनालआदा बेटावर पुन्हा उभारायची ठरली होती. ती तिथे उभी राहिलीच नाही. १९६० मध्ये मेंदेरेस यांची सत्ता गेली, पुढच्या वर्षी त्यांना फाशी झाली. त्याच वर्षी ट्रामही बंद झाली. दोन्हींचा परस्पर संबंध नाही, पण साल लक्षात राहतं.

मोटारींसाठी एवढं सगळं केलं, आणि वीस-पंचवीस वर्षांत तेच रस्ते मोटारींनी तुंबले. शहराची लोकसंख्या अनातोलियातून येणाऱ्या कुटुंबांमुळे भराभर वाढत होती. १९८९ मध्ये आक्सारायहून हलकी मेट्रो निघाली आणि १९९२ मध्ये सिर्केजी, आक्साराय, तोपकापी असे नवे ट्रामचे रूळ पडले. हीच आजची टी-१. पुढे १९९४ मध्ये ती पश्चिमेला झेतिनबुर्नूपर्यंत गेली, १९९६ मध्ये इकडे एमिनोनूच्या धक्क्यापर्यंत आली. २००५ मध्ये तिने गलाता पूल ओलांडला. १९६१ नंतर पुन्हा पुलावर ट्राम आली. वर्षभराने काबाताश गाठलं. पश्चिमेकडची बाजिलारपर्यंतची वेगळी मार्गिका २०११ मध्ये हिलाच जोडली. आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेअठरा किलोमीटर, एकतीस थांबे. गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांनी गाडी.

सुरुवातीचे डबे उंच होते, म्हणून फलाटही उंच. २००३ च्या सुमारास कमी उंचीच्या डब्यांची गाडी आली आणि फलाट खाली आणले. ज्यांच्या घरात गुडघेदुखीचं माणूस आहे त्यांनाच याची किंमत कळेल. फलाट आणि डबा एका पातळीत. अम्मीला पायरी म्हणून चढावी लागली नाही. मुंबईच्या ट्राममध्ये नाना तिला उचलून वर ठेवायचे, हे तिने त्या दिवशी मला तीनदा सांगितलं.

आक्सारायला पर्तेवनियाल वालिदे सुलतान यांची मशीद दिसते. तीही १८७१ चीच, घोड्यांच्या ट्रामच्या वयाची. मग लालेली, कपड्यांच्या घाऊक दुकानांनी भरलेली. मग बायझीद, म्हणजे झाकलेला बाजार. इथून रस्त्याचं नाव दिवानयोलू. उस्मानी काळात दिवाणाला जाणारे वजीर याच वाटेने जात. त्याआधी बायझंटाइन काळात हाच शहराचा मुख्य राजरस्ता होता. मोटारींना इथे फारशी वाट नाही. ट्राम आणि पायी चालणारी माणसं. सुलतानअहमदला एका बाजूला निळी मशीद, दुसऱ्या बाजूला आया सोफिया. डब्यातले परदेशी सगळे उठून खिडकीशी. हातात भाजीची पिशवी धरलेल्या तुर्की बायका बसल्या जागीच.

गुलहानेनंतर रूळ वळण घेत उतरतात आणि सिर्केजी येतं. तिथून २०१३ पासून समुद्राखालून आशियात जाणारी मारमाराय रेल्वे मिळते. एमिनोनूला येनी जामी, पूल ओलांडला की काराकोय, पुढे तोफाने. तोफानेची किलिच अली पाशा मशीद मिमार सिनान यांची. तिथे उतरून आम्ही असरची नमाज पढलो. मग काबाताश, शेवटचा थांबा.

एक उपयोगाची गोष्ट सांगते. इस्तंबूलकार्ट एकच घेतलं तरी चालतं. प्रत्येक माणसासाठी तेच पुन्हा टेकवायचं. मी उगाच दोन घेतली.

काबाताशला बोटींचा धक्का आहे. अम्मी बाकावर बसून समोरचा आशियाचा किनारा बघत राहिली. अंधारायच्या आत हॉटेलवर पोहोचायचं म्हणून मी टॅक्सीची चौकशी केली, तर ती ट्रामच्या दिशेने केव्हाच चालू लागली होती. परतीच्या गाडीला तुडुंब गर्दी. कानात गाणी लावलेली एक कॉलेजकन्या अम्मीला पाहून चटकन उठली. “तेझे, बुयुरून,” म्हणाली. तेझे म्हणजे खाला, बसा ना. अम्मीला शब्द कळला नाही, पण बसता बसता तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “जीती रह बेटी.” ती पोरगी लालेलीपर्यंत आमच्याकडे बघून हसत होती.