वऱ्हाडांतील जुन्या दस्तांचा कायदा कोठें पाहावा?

उमरखेड तालुक्यांतील ढाणकीसारख्या गांवीं इनामाचा वा गहाणाचा जुना दस्त सांपडल्यास प्रथम त्याचें साल ठरवावें. वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, १९०३ त मध्यप्रांतास जोडलें गेलें; १९३६ त नागपुरास हायकोर्ट झालें व १९५६ त तो मुलूख मुंबई राज्यांत आला. कोणत्या कोर्टाचे निवाडे शोधावे, हें यावरूनच कळतें. प्रिव्ही कौन्सिलचे अनेक निवाडे ‘बेली’ या संकेतस्थळावर, तर सर्वोच्च न्यायालयाचे १९५० पासूनचे ‘ई-एससीआर’वर विनामूल्य मिळतात. ‘इंडिया कोड’ मुख्यत्वें चालू कायद्यांचा दुरुस्त पाठ देतें; सबब दस्ताच्या सालचा मूळ पाठ ताडल्याखेरीज कोणाच्या हक्काविषयीं निर्णय देऊं नये, असें आम्हांस वाटतें.