सत्ताविसावा बाद होईपर्यंत

बेसबॉलच्या सामन्याला घड्याळ नसते आणि षटकांची मर्यादाही नसते. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात, तीन फलंदाज बाद झाले की डाव संपतो, आणि त्यामुळे पिछाडीवर पडलेल्या संघाजवळची पुंजी मिनिटांत वा चेंडूंत नव्हे, तर सत्तावीस बादांत मोजावी लागते. फुटबॉलमध्ये आघाडीवरचा संघ चेंडू आपल्याच पायांत खेळवत वेळ काढू शकतो, आणि मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये आवश्यक धावगती आवाक्याबाहेर गेली की उरलेली षटके उपचारापुरती उरतात. बेसबॉलमध्ये मात्र दहा धावांनी पुढे असलेल्या संघालाही शेवटच्या फलंदाजाकडे चेंडू टाकावाच लागतो, आणि तो बाद होत नाही तोवर धावांना वरची मर्यादा नसते. २०२३ पासून अमेरिकेच्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत घड्याळ आले खरे, पण ते केवळ दोन चेंडूंमधल्या रेंगाळण्याला लगाम घालते, सामन्याची लांबी ठरवत नाही.

कोणतीही पिछाडी गणिताने अभेद्य ठरू न देणाऱ्या याच खेळात, आघाडी पुरेशी मोठी झाली की तिच्यावर आणखी धावांचे इमले चढवू नयेत, असा एक अलिखित दंडकही आहे. सामना संपलेला नाही हे खेळाची रचना सांगते आणि सामना संपला असे समजून वागा हे शिष्टाचार सांगतो. त्या दोहोंमधला हा विसंवाद शंभराहून अधिक वर्षे मिटलेला नाही.

मेजर लीगच्या इतिहासात १२ धावांची पिछाडी भरून काढून जिंकण्याचा पराक्रम १९११ मध्ये डेट्रॉइटने शिकागोविरुद्ध, १९२५ मध्ये फिलाडेल्फियाने क्लीव्हलँडविरुद्ध आणि ५ ऑगस्ट २००१ रोजी क्लीव्हलँडने सिअ‍ॅटलविरुद्ध केला. फिलाडेल्फियाने तर त्या दिवशी एकट्या आठव्या डावात १३ धावा कुटल्या होत्या. तरीही २००१ चा सामना अधिक बोलका ठरतो, कारण समोरचा सिअ‍ॅटलचा संघ त्या मोसमात ११६ सामने जिंकून विक्रमाची बरोबरी करणारा होता. तिसऱ्या डावाअखेर सिअ‍ॅटल १२-० असे पुढे होते आणि सातव्या डावाच्या आरंभी धावफलक १४-२ असा होता. अशा वेळी दोन्ही बाजू आपापले मोहरे काढून घेऊन दुसऱ्या फळीतल्या खेळाडूंना मैदानावर धाडतात, आणि तसेच येथेही घडले. मग क्लीव्हलँडने सातव्या डावात ३, आठव्यात ४ आणि नवव्यात ५ धावा काढल्या. बरोबरीचा क्षण आला तेव्हा नवव्या डावातले दोघे बाद झाले होते, तिन्ही बेसवर धावक उभे होते आणि ओमार विस्केल हा फलंदाज बाद होण्यापासून एका चेंडूवर होता. त्याने तिघांनाही घरी आणणारा फटका मारला. अकराव्या डावात, बदली म्हणून उतरलेल्या होल्बर्ट काब्रेराच्या फटक्यावर केनी लॉफ्टन धावत घरी आला आणि सामना १५-१४ असा संपला. हरल्याची कबुली म्हणून आत पाठवलेल्या खेळाडूनेच तो जिंकून द्यावा, यातला उपरोध लक्षात घेण्याजोगा आहे.

या दंडकात नेमके काय मोडते, हे ठरवणे कठीण आहे. मोठी आघाडी असताना बेस चोरू नये, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना धावकाने पुढचा बेस बळकावू नये. चकवा देणारा हलका बंट मारू नये. आणि पिचरने सलग तीन चेंडू टप्प्याबाहेर टाकले असतील, तर पुढच्या चेंडूवर बॅट फिरवू नये. ही शेवटची अट समजण्यासाठी एवढे पुरे, की चौथा चेंडूही बाहेर गेला तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, त्यामुळे पिचर तो नाइलाजाने मधोमध टाकतो आणि तो मारणे सर्वांत सोपे असते. नेहमीच्या पद्धतीने मारलेल्या फटक्यांना मात्र कोणी हरकत घेत नाही. २००७ मध्ये टेक्ससने बाल्टिमोरला ३०-३ असे हरवले, त्यातल्या १६ धावा अखेरच्या दोन डावांतल्या होत्या; आणि त्याच सामन्यात टेक्सस आधी ०-३ असे पिछाडीवर होते.

१७ ऑगस्ट २०२० रोजी सॅन डिएगोचा तरुण खेळाडू फर्नांडो तातिस धाकटा याने टेक्ससविरुद्ध आठव्या डावात, संघ १०-३ असा पुढे असताना, नेमक्या अशाच चेंडूवर तिन्ही धावकांसह चार धावांचा होम रन मारला. प्रतिस्पर्ध्यांच्या मॅनेजरने नाराजी दाखवली, टेक्ससच्या पुढच्या पिचरने त्यानंतरच्या फलंदाजाच्या पाठीमागून चेंडू टाकला, आणि खुद्द तातिसच्या मॅनेजरनेही त्याने थांबण्याची खूण पाहिली नाही असे सांगितले. शिक्षा मात्र झाली ती त्या पिचरला आणि टेक्ससच्या मॅनेजरला. सात धावांची आघाडी म्हणजे सामना संपला, हे ठरवले कोणी, असा प्रश्न त्या वेळी अनेक खेळाडूंनीच विचारला, आणि तो रास्त होता.

पुढच्या वर्षीचा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. शिकागो व्हाइट सॉक्स १५-४ असे पुढे असताना मिनेसोटाने पिचर वाया घालवण्याऐवजी विलियान्स अस्तुदियो या क्षेत्ररक्षकाच्याच हाती चेंडू दिला, आणि त्याच्या ताशी सुमारे ७५ किलोमीटर वेगाच्या, म्हणजे व्यावसायिक वेगाच्या जेमतेम निम्म्या गतीच्या चेंडूवर येर्मिन मर्सेदेसने होम रन ठोकला. त्याला जाहीरपणे फटकारणारे पहिले गृहस्थ त्याचेच मॅनेजर टोनी ला रूसा होते. दुसऱ्या दिवशी मिनेसोटाच्या पिचरने मर्सेदेसच्या पाठीमागून चेंडू टाकला, तेव्हाही त्यांनी आक्षेप घेतला नाही. चेंडू डोक्याला लागल्याने १९२० मध्ये रे चॅपमन या खेळाडूचा मृत्यू झाला होता, हे आठवले म्हणजे सभ्यतेच्या नावाने दिल्या जाणाऱ्या या शिक्षेतली असभ्यता उघड होते.

तरीही दंडकाला निव्वळ ढोंग म्हणता येत नाही. मोसमात १६२ सामने खेळायचे असताना पिचरांचे खांदे हे संघाचे सर्वांत नाजूक भांडवल असते, आणि क्षेत्ररक्षकाला चेंडू टाकायला उभे करणारा मॅनेजर शरणचिठ्ठीच लिहून देत असतो. शरण आलेल्यावर वार करू नये, ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. अडचण एवढीच, की बेसबॉलचा शिष्टाचार पुष्कळदा अशी चिठ्ठी लिहिली जाण्यापूर्वीच ती वाचण्याचा आग्रह धरतो. तातिससमोर खरा पिचर उभा होता आणि मर्सेदेससमोर नव्हता, हा फरक दोन्ही वादांत पुरेसा जाणवला नाही.

शरणागती उघडपणे जाहीर झाल्याचे एक उदाहरण पुण्यात घडले, जरी ते क्रिकेटमधले आहे. डिसेंबर १९४८ मध्ये रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या होत्या आणि डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम ९ धावांवर होता; तेव्हा काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. विक्रमाची धूळ आपल्या नावावर बसू नये म्हणून पराभूताने मैदान सोडले आणि किंमत फलंदाजाने मोजली.

जपानमध्ये शालेय बेसबॉलच्या जिल्हा फेऱ्यांत फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सामना थांबवतात. तरीही १९९८ मध्ये आओमोरी येथे तोओ गिजुकु शाळेने फुकाउरा शाळेला सात डावांत १२२-० असे हरवले, कारण तेव्हाच्या तिथल्या नियमानुसार त्याआधी सामना थांबवण्याची सोय नव्हती. मेजर लीगमध्ये असा दयेचा नियम नाही. तिथे २०२३ पासून केवळ एवढेच लिहून ठेवले आहे, की अतिरिक्त डाव सोडले तर क्षेत्ररक्षकाला पिचर म्हणून उभे करायचे असल्यास संघ किमान ८ धावांनी मागे असला पाहिजे, किंवा नवव्या डावात किमान १० धावांनी पुढे. २००१ च्या त्या रात्री, सातव्या डावाच्या तोंडावर, क्लीव्हलँड १२ धावांनी मागे होते.