सर्वोला काय ऐकू येतं?

दुसऱ्या वर्षी आमच्या विंगमधे दोन सर्वो शहीद झाले आणि दोन्ही वेळा दोष सर्वोचा नव्हता.

झालं असं, की आम्हाला रोबोटिक आर्म करायचा होता. रात्री एक वाजता आर्डुइनोत कोड टाकला, आणि पेन उचलायचं सोडून हात जो काही थरथरायला लागला, की वायवाला आत जाणारं पोरगं परवडलं! पहिला सर्वो 'डिफेक्टिव्ह' म्हणून फेकला. दुसरा हाताने जोर लावून फिरवला, त्याचे प्लास्टिकचे दात मोडले. तिसऱ्याला पैसे नव्हते, म्हणून मोडका उघडून बघितला. (हे आधीच करायला हवं होतं. असो.)

त्या 9 ग्रॅमच्या निळ्या डबीत काय असतं? खेळण्यातल्या गाडीत असते तशी छोटी डीसी मोटर, वेग कमी करणारे गिअर, एक सर्किट आणि बाहेरच्या दांड्याला जोडलेलं पोटेन्शिओमीटर. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतं तेच. दांडा आत्ता कुठे आहे, हे सर्किटला त्यावरून कळतं.

तीन वायरींपैकी लाल सप्लायची, तपकिरी ग्राउंडची, केशरी सिग्नलची. केशरी वायरवर साधारण दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स येतो. तो 1.5 मिलिसेकंद टिकला तर 'मधे ये', 1 टिकला तर एका बाजूला, 2 टिकला तर दुसऱ्या. (बरेच सर्वो याच्या थोडं अलीकडे-पलीकडेही जातात.) वायवात आपण 'ड्यूटी सायकल' म्हणून मोकळे होतो, पण सर्वोला तिच्याशी घेणंदेणं नाही. 1.5 चा पल्स 20 ऐवजी 15 मिलिसेकंदांनी पाठवा. ड्यूटी सायकल साडेसात टक्क्यांवरून दहावर जाईल, दांडा मात्र जागचा हलणार नाही. पल्स किती वेळ टिकला, एवढंच तो ऐकतो.

पल्स आला की सर्किट स्वतःचाही एक पल्स तयार करतं. त्याची लांबी पोटेन्शिओमीटर ठरवतं. मग दोघांची तुलना. आलेला लांब असेल तर मोटर एकीकडे, आखूड असेल तर उलटी, सारखे झाले की गप्प. आमच्या दात मोडलेल्या सर्वोला पल्स दिला तर मोटर फिरतच राहिली. बरोबरच आहे, गिअर तुटल्यावर पोटेन्शिओमीटर हलणार कसं आणि फरक मिटणार कसा? कंट्रोल सिस्टिम्सचं जे फीडबॅकचं प्रकरण सेमिस्टरभर डोक्यावरून गेलं, ते त्या आवाजात दोन मिनिटांत कळलं.

आता हे 20 मिलिसेकंद कुठून आले? रेडिओ कंट्रोलच्या विमानांतून. जुना ट्रान्समीटर सगळे चॅनेल एकामागून एक पाठवायचा, अगदी हजेरी घेतल्यासारखे. आठ चॅनेल, प्रत्येकी जास्तीत जास्त 2, म्हणजे 16 मिलिसेकंद. उरलेल्या वेळात सर शांत. ती मोठी शांतता ऐकली की रिसीव्हर समजायचा, आता पुन्हा रोल नंबर एक. कुठल्याच पल्सवर नाव नाही, फक्त क्रम! त्यामुळे मधेच कुणी प्रॉक्सी मारली, म्हणजे एखादा खोटा पल्स घुसला, की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकायचे. सुकाणूचा हुकूम भलत्याच सर्वोला. पुढची शांतता येईपर्यंत हा गोंधळ.

2.4 गिगाहर्ट्झच्या सेटमधे हवेतून डिजिटल पॅकेट जातात आणि बिघडलेलं पॅकेट रिसीव्हर टाकून देतो. पण साध्या रिसीव्हरमधून सर्वोकडे जाणाऱ्या वायरवर अजूनही तोच जुना पल्स असतो.

आणि सिग्नल अजिबातच गेला तर? 'सर्वो आपोआप मधे येईल' असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पल्स थांबला की साधा ॲनालॉग सर्वो ढिला पडतो. रिसीव्हर काही वेळा शेवटचाच हुकूम पुढे देत राहतो, आणि तो 'फुल थ्रॉटल' असेल तर फिरता प्रोपेलर प्रेक्षकांत जाऊ शकतो. म्हणून फेलसेफमधे थ्रॉटल शून्यावर लावायचं. मग प्रोपेलर काढून ठेवून ट्रान्समीटर मुद्दाम बंद करायचा आणि मोटर खरंच थांबते का ते डोळ्यांनी बघायचं. ग्राउंडवर पब्लिक जमायच्या आधी!

राहता राहिला आमचा थरथरणारा हात. कुणीतरी वाचलं होतं, की अडकलेला छोटा सर्वोसुद्धा अर्ध्या ॲम्पिअरहून जास्त करंट ओढू शकतो, आणि लॅपटॉपच्या यूएसबी 2.0 पोर्टची मर्यादाच तेवढी. म्हणून मोठ्या हुशारीने सर्वोला वेगळी बॅटरी दिली होती. फक्त बॅटरीचं ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडायचं राहिलं. दोघांचा 'शून्य' एक नाही, मग पल्स मोजायचा कशापासून? एक काळी जंपर वायर लावली, उसना सर्वो जोडला, आणि हाताने पेन उचललं.

दोन सर्वोंचे पैसे कुणी द्यायचे, यावर विंगमधे अजून एकमत नाही.