एका डॉलरचे सव्वादोन रुपये

‘रुपया’ या शब्दाची व्युत्पत्ती वर्गात सांगताना पाणिनीकडे जावे लागते. ‘रूप’ या शब्दावरून ‘रूप्य’ हा शब्द त्याने दोन अर्थांनी साधला आहे. एक अर्थ ‘आहत’, म्हणजे ज्यावर ठोकून ठसा उमटविला आहे असे. दुसरा अर्थ प्रशंसेस पात्र असे. नाणे पाडणारा आणि नाण्याकडे कौतुकाने पाहणारा या दोघांची सोय एकाच सूत्रात व्हावी, हा योगायोग नाणकशास्त्राच्या अभ्यासकास सुखावणारा आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. नाण्यांचा नाद हा केवळ छंद. तथापि छंदाने विषयावर कसे अतिक्रमण केले, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

निमित्त घडले ते कळवण येथे. गिरणेच्या उगमाकडील एका पाड्यावरील विद्यार्थ्याने आपल्या आजीच्या गळ्यातील माळ दाखविण्यासाठी मला घरी नेले. जाड काळ्या दोऱ्यात ओवलेले एकवीस चांदीचे रुपये, प्रत्येकास वर डाग देऊन बसविलेली कडी. नऊ नाणी राणीछाप, बाकीची राजाछाप. आणि राजाछापांपैकी सात पंचम जॉर्जची, १९१८ ते १९२० या तीन वर्षांतील. विद्यार्थ्याने विचारले, “सर, ही एवढी एकाच वेळची कशी?” या प्रश्नाचे उत्तर कळवणात नाही, मुंबईतही पुरते नाही. ते अमेरिकेत आहे.

१८७८ साली अमेरिकन काँग्रेसने ब्लँड-ॲलिसन कायदा संमत केला. पश्चिमेकडील खाणींतून चांदी अपरंपार निघू लागली होती आणि तिला गिऱ्हाईक हवे होते. या कायद्याने सरकारने दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलर किमतीची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडणे बंधनकारक झाले. त्यासाठी जॉर्ज मॉर्गन या कोरीवकाराने नवे ठसे तयार केले. छापेच्या बाजूस स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक आहे. त्यासाठी फिलाडेल्फियातील ॲना विलेस विल्यम्स ही शिक्षिका नमुना म्हणून बसली होती. काट्याच्या बाजूस पंख पसरलेला गरुड, आणि त्याच्यावर ईश्वरावरील विश्वासाची घोषणा जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत. मॉर्गन डॉलर या नावाने प्रसिद्ध असलेले हे नाणे १८७८ ते १९०४ पर्यंत अखंड आणि पुढे १९२१ मध्ये पाडले गेले. वजन ४१२.५ ग्रेन, म्हणजे २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी शेकडा नव्वद, बाकी तांबे. नाणे कोणत्या टांकसाळीचे हे गरुडाच्या शेपटीखालील बारीक अक्षरावरून ओळखावयाचे : न्यू ऑर्लिन्सचे ‘ओ’, सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’, कार्सन सिटीचे ‘सीसी’, फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर अक्षर नसते. संग्राहकांचे अर्धे आयुष्य हे अक्षर भिंगाखाली शोधण्यात जाते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता दोन नाण्यांचे गणित मांडून पाहू. डॉलरच्या ४१२.५ ग्रेनांपैकी शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. १८३५च्या कायद्याने कंपनी सरकारच्या सर्व मुलखासाठी ठरविलेला रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे नेमका एक तोळ्याचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, अर्थात १६५ ग्रेन. पहिल्या संख्येस दुसरीने भागले असता २.२५ येतात, आणि बाकी काही उरत नाही. एका डॉलरच्या चांदीचे बरोबर सव्वादोन रुपये होतात.

हे गणित कागदावरच राहिले नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून होणाऱ्या खरेदीपायी रुपयांची मागणी विलक्षण वाढली. नोटेच्या बदल्यात चांदीचा रुपया देण्यास सरकार बांधील होते, आणि लोकांच्या हाती गेलेला रुपया परत खजिन्यात येत नव्हता. तो कोठे गेला, याचे उत्तर पाड्यावरील माळेत आहे. खजिन्यातील साठा आटत चालला तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे धाव घेतली. २३ एप्रिल १९१८ रोजी पिटमन कायदा झाला आणि २७,०२,३२,७२२ डॉलर वितळविण्यात आले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरांची, म्हणजे सुमारे वीस कोटी औंस चांदी ब्रिटनला विकली गेली. ती हिंदुस्थानासाठी होती. वरील प्रमाण लावले तर ही सुमारे अठ्ठावन्न कोटी रुपयांची चांदी होते. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींनी १९१८ ते १९२० या काळात जे रुपये पाडले त्यांत ही चांदी मिसळली. मुंबईचा रुपया ओळखण्याची खूण अशी की, मागील बाजूस तळाच्या कमळाखाली एक बारीक उठावाचा ठिपका असतो. आजींच्या माळेतील सातांपैकी चारांवर तो आहे. त्यांतील अमुक एका नाण्यात डॉलरची चांदी आहे असे कोणीही सिद्ध करू शकणार नाही; मुशीत गेलेल्या धातूला पूर्वजन्म आठवत नाही. परंतु विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

अमेरिकन संग्राहकांच्या दृष्टीने मात्र या घटनेचा दुसराच परिणाम झाला. वितळविलेली नाणी कोणत्या सालची आणि कोणत्या टांकसाळीची होती याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे टांकसाळीच्या दप्तरात अमुक साली इतकी लक्ष नाणी पाडली असे लिहिलेले असले तरी त्यांतील किती उरली हे त्यावरून कळत नाही. १९०३ साली न्यू ऑर्लिन्स येथे ४४,५०,००० डॉलर पाडले गेले. तथापि ते कोठेच दिसत नसल्यामुळे बहुतेक सारे वितळले गेले असा समज रूढ झाला आणि चांगल्या स्थितीतील नाण्यास जबर किंमत येऊ लागली. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतील जुन्या थैल्या बाहेर निघाल्या. त्यांत हीच नाणी भरलेली होती, आणि किंमत एकदम कोसळली. भाषेच्या अभ्यासकास हा अनुभव परिचित आहे. एखादा शब्द एकाच पोथीत आढळतो म्हणून आपण तो दुर्मिळ ठरवितो, आणि पुढे एखाद्या मठातील बासन सुटले की तोच शब्द पानोपानी भेटतो. उच्चारलेले किती आणि उरलेले किती, या दोन प्रश्नांची गल्लत शब्दकोशकार आणि नाणेसंग्राहक दोघेही करतात.

खरोखर दुर्मिळ असलेली नाणीही आहेत. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे केवळ एक लक्ष डॉलर पाडले गेले. व्यवहारातील मॉर्गन डॉलरांत इतकी कमी संख्या दुसऱ्या कोणत्याही नाण्याची नाही. त्या वर्षाचा इतिहासही आपल्याशी जोडलेला आहे. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या. तोवर कोणीही चांदी घेऊन यावे आणि रुपये पाडून न्यावेत अशी मुभा होती. ती जाताच जगात चांदीचा भाव गडगडला आणि अमेरिकेतील खाणी बंद पडू लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथील सरकारने चांदीच्या सक्तीच्या खरेदीचा शर्मन कायदा रद्द केला. मुंबईच्या टांकसाळीचे दार लागले आणि त्याचा आवाज कोलोराडोच्या डोंगरात उमटला, असे हे प्रकरण आहे.

सर्वांत कीर्तिमान १८०४ सालचा डॉलर. त्याची मौज अशी की, १८०४ साली तो पाडलाच गेला नव्हता. त्या वर्षी टांकसाळीने जुन्याच सालाचे ठसे वापरले. पुढे १८३४ मध्ये मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांस नजराणा देण्यासाठी अमेरिकन नाण्यांचे संच करावयाचे ठरले, तेव्हा दप्तरातील नोंदीवर विसंबून १८०४ हे साल घालून डॉलर पाडण्यात आले. या पहिल्या प्रकारची आठ नाणी ज्ञात आहेत. मस्कतला गेलेले म्हणून मानले जाणारे नाणे १९९९च्या लिलावात एक्केचाळीस लक्ष डॉलरांवर गेले. नोंदीतील साल आणि वस्तूचा जन्म यांत तीस वर्षांचे अंतर असलेली ही वस्तू हस्तलिखितांच्या कालनिर्णयात गुंतलेल्या प्रत्येकाने टेबलावर चित्ररूपाने तरी ठेवावी.

संग्राहकांच्या आवडीचे आणखी एक नाणे म्हणजे ‘ट्रेड डॉलर’. चीनच्या व्यापारासाठी १८७३ पासून पाडलेले हे नाणे थोडे जड, ४२० ग्रेनांचे. वजन आणि कस नाण्यावरच लिहिलेला. चिनी सावकार नाणे पारखून त्यावर आपला शिक्का ठोकीत. अशा शिक्क्यास इंग्रजीत ‘चॉप’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या ‘छाप’ या शब्दाचाच अपभ्रंश होय. नाणे पारखणाऱ्यास त्या बंदरांतून ‘श्रॉफ’ म्हणत. तो तर उघड आपला सराफ, मूळ अरबी. हाँगकाँगमध्ये पैसे भरण्याच्या खिडकीस अद्याप ‘श्रॉफ’ हेच नाव आहे. दुसऱ्याच्या नाण्यावर आपली खूण ठोकण्याचा प्रघात नाशिककरांस तरी नवा वाटू नये. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे.

‘डॉलर’ हा शब्द स्वतः बोहेमियातील योआखिमस्थाल या खाणीच्या गावावरून आला. ‘थाल’ म्हणजे दरी. तेथील चांदीचे नाणे ते ‘थालर’, आणि डच भाषेतून जाता जाता त्याचे ‘डॉलर’ झाले. गावावरून नाण्यास नाव देण्याची रीत आपलीही. कळवणपासून दूर नसलेल्या चांदवडच्या होळकरी टांकसाळीतील रुपया तो चांदवडी. त्यावर फारसीत शाह आलम बादशहाचे नाव आणि ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असा टांकसाळीचा उल्लेख असे. मात्र ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अक्षरे नेहमी अर्धी बाहेर राहात. ज्या चांदवडीवर गावाचे नाव पुरते वाचता येते तो संग्राहकास विशेष प्रिय. यंत्रावर पाडलेला, काठास दाते असलेला इंग्रजी रुपया आला तेव्हा लोकांनी त्यास ‘कलदार’ म्हटले. ‘कल’ म्हणजे यंत्र. मॉर्गन डॉलर हा अगदी अस्सल कलदार आहे. त्याचे सौंदर्य रेखीवपणाचे. माझा कौल मागितला तर तो चांदवडीच्या बाजूने पडेल, पण यात प्रादेशिक अभिमानाचा भाग नाही असे मी म्हणणार नाही.

येथे स्वतःच्या फजितीचा उल्लेख करणे उपयुक्त ठरेल. काही वर्षांपूर्वी एका जत्रेत मी फिरत्या विक्रेत्याकडून एक ट्रेड डॉलर मोठ्या हर्षाने विकत घेतला. त्यावर १८७२ हे साल होते. ते नाणे १८७३ पूर्वी अस्तित्वातच नव्हते, एवढे आठवावयास मला घरी पोहोचेपर्यंत वेळ लागला. सराफाच्या काट्यावर ते २७.२२ ग्रॅमऐवजी बावीसच भरले, आणि वाजवून पाहता भद्द आवाज आला. अशा बनावट डॉलरांचा हल्ली सुळसुळाट आहे. त्यांच्या परीक्षेस यंत्र लागत नाही. प्रथम साल पाहावे, नंतर वजन, नंतर लोहचुंबक, कारण चांदी त्यास चिकटत नाही. त्यानेही समाधान न झाल्यास दोऱ्याने पाण्यात टांगून किती वजन घटते ते मोजावे. नव्वद टक्के चांदीचे नाणे आपल्या आकारमानाच्या पाण्याहून सुमारे १०.३ पट जड भरते. ‘वाजवून घेणे’, ‘खणखणीत’, ‘हिणकस’, ‘बट्टा लागणे’ हे आपले वाक्प्रचार या परीक्षांचेच अवशेष आहेत. सराफाच्या ओट्यावरून ते माणसांच्या पारखीत शिरले.

याच शब्दकुळातील ‘मोडणे’ हे क्रियापद मला सर्वांत अर्थगर्भ वाटते. नोट मोडतात, दागिना मोडतात. न मोडलेला तो ‘बंदा’ रुपया. चांदीचा भाव चढला की तालुक्यातील जुन्या माळा मोडीत निघतात. सराफास त्या नाण्यांच्या सालाशी कर्तव्य नसते. तो तोळे मोजतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. पिटमन कायद्याखाली जे झाले तेच येथे लहान प्रमाणावर, पुन्हा नोंद न ठेवता, चालू आहे. चांदीचा प्रवास तर अजब आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानने पुन्हा अमेरिकेकडून चांदी उसनी आणली, आणि स्वातंत्र्यानंतर ती परत करावी लागली. तोवर आपल्या रुपयातील चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली होती आणि १९४७ मध्ये तिची जागा निकेलने घेतली होती.

आजींस मी माळ विकणार का असे विचारले नव्हते, परंतु माझ्या हातातील भिंग पाहून त्यांनी उत्तर आधीच दिले : “पोटाला पडलं तर मोडू, गुरुजी. हौसेला नाही.” मग त्यांच्या नातवाने आणि मी ओटीवर बसून प्रत्येक नाण्यावर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिलीने दोन्ही बाजूंचे ठसे घेतले. कडीमुळे खरे वजन मिळत नाही, म्हणून व्यास, साल, ठिपका, आणि कोणा सराफाने पूर्वी मारलेल्या खुणा एवढेच टिपले. अशा एकवीस नाण्यांस दीड तास लागला. या परिसरातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या माळांची अशी नोंद केल्यास ती विभागाकडे आणावी. अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था जवळच आहे, वाचनाची अडचण तेथे सोडविता येते. जमिनीत सापडलेल्या नाण्यांची गोष्ट निराळी : १८७८च्या निखात निधी कायद्यान्वये ती जिल्हाधिकाऱ्यांस कळवावी लागतात. गळ्यातील माळेस असा कोणताही नियम लागू नाही.