वावर वेगळं, विहीर समाईक

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की पेढी नदीच्या काठी वलगाव लागतं. या टापूत दोन भाऊ वेगळे निघाले की वावराच्या मधोमध धुरा पडतो, सातबारे दोन होतात, बैलजोडी आणि अवजारं वाटली जातात. विहीर मात्र मधोमध कापता येत नाही. मग दोन्ही सातबाऱ्यांवर समाईक विहिरीतल्या हिश्श्याची नोंद होते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात. धाकट्यानं आपल्या पाळीत विहीर तळापर्यंत उपसली की थोरल्याचा पंप हवा ओढू लागतो. कागदोपत्री दोघांचं सगळं वेगळं झालेलं असतं, तरीही.

प्रोग्रामिंगमध्ये अशा वाटणीला शॅलो कॉपी म्हणतात, म्हणजे उथळ प्रत. विहिरीसकट सगळं नव्यानं उभं केलं तर ती डीप कॉपी, खोल प्रत.

संगणकाच्या मेमरीत प्रत्येक वस्तूला, म्हणजे ऑब्जेक्टला, स्वतःची जागा असते. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट या भाषांत यादी किंवा नोंद अशा वस्तूला आपण देतो ते नाव म्हणजे तिच्या जागेचा पत्ता. म्हणून 'ब = अ' लिहिलं की प्रत होतच नाही, एकाच घराला दुसरी पाटी लागते. नवशिके पहिल्यांदा अडखळतात ते इथेच.

उदाहरण वलगावचंच घेऊ. 20 डिसेंबर 1956 रोजी प्रवासात असताना, इथल्या पेढीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. समजा, त्यांच्यावर पायथनमध्ये एक नोंद केली: जन्म 1876, जन्मगाव शेंडगाव, निधन 1956, आणि 'धर्मशाळा' या रकान्यात एक यादी: पंढरपूर, नाशिक, आळंदी. (पायथन 3 मध्ये चलांची नावंही देवनागरीत चालतात. आपल्याकडे फारसं कुणी ठेवत नाही, ही गोष्ट वेगळी.) आता 'कॉपी' मॉड्यूलमधलं 'कॉपी' वापरून या नोंदीचा मसुदा काढला. मसुद्यात जन्मगाव खोडून दुसरं काही लिहिलं, तर मूळ नोंद जशीच्या तशी राहते. पण मसुद्यातल्या धर्मशाळांच्या यादीत देहू जोडलं आणि मूळ नोंद उघडली, तर देहू तिथेही हजर! नोंद नवी झाली, रकाने नवे झाले, पण धर्मशाळांच्या रकान्यात यादी नव्हतीच. तिथे यादीचा पत्ता होता आणि नक्कल झाली ती पत्त्याची. 'कॉपी'ऐवजी 'डीपकॉपी' वापरलं असतं तर यादीही नवी झाली असती.

हा प्रश्न जुना आहे. कॉमन लिस्पमध्ये यादीचा नुसता कणा उचलणारं 'कॉपी-लिस्ट' आणि फांद्यांसकट झाड उचलणारं 'कॉपी-ट्री' अशी दोन वेगळी कामं आहेत. स्मॉलटॉक-80 मध्ये तर 'शॅलोकॉपी' आणि 'डीपकॉपी' ही नावंच होती. जावाचं 'क्लोन' मुळात उथळ असतं. सी++ मध्ये उथळपणा जिवावर बेततो. प्रोग्रामरनं वेगळं काही सांगितलं नाही, तर तिथे पॉइंटर, म्हणजे पत्ता, जसाच्या तसा उतरतो, मग दोन्ही प्रती आपापला शेवट करताना मेमरीचा तोच तुकडा परत करतात आणि प्रोग्राम कोसळतो. एका भावानं विहीर बुजवून टाकली आणि दुसराही ती बुजवायला टोपली घेऊन आला, तसं.

मला खरी गंमत वाटते ती खोल प्रतीची. थोरल्याच्या नोंदीत 'भाऊ' म्हणून धाकट्याचा पत्ता असेल आणि धाकट्याच्या नोंदीत थोरल्याचा, तर खोल नक्कल करणारा यातून सुटणार कसा? थोरला उतरवायला जावं तर धाकटा उतरवावा लागतो, धाकट्याकडे गेलं की पुन्हा थोरला. हा फेरा संपणारा नाही. पायथनची 'डीपकॉपी' म्हणून सोबत एक वही बाळगते. तिला 'मेमो' म्हणतात. अमुक वस्तू उतरवली आणि तिची प्रत अमुक जागी आहे, असं त्यात टिपलेलं असतं. तीच वस्तू पुन्हा भेटली की नवी नक्कल न करता वहीतली प्रत जोडून द्यायची. यातून आणखी एक गोष्ट साधते. मुळात दोघा भावांची विहीर एकच असेल, तर खोल प्रतीतल्या भावांनाही एकच विहीर मिळते. ती नवी असते, पण दोघांत समाईकच. वस्तूंबरोबर त्यांच्यातलं नातंही उतरतं, तेही साध्या पायथनमध्ये.

जावास्क्रिप्टवाल्यांनी बरीच वर्षं एका जुगाडावर काढली: वस्तूचा जेसन मजकूर करायचा आणि त्यातून पुन्हा वस्तू घडवायची. यात तारखेची वस्तू नुसती अक्षरं होऊन परत येते, फंक्शन गळून पडतं आणि भावाभावांच्या पत्त्यांचा फेरा असेल तर थेट एरर येते. 'स्ट्रक्चर्डक्लोन' हे तयार साधन सगळ्या मोठ्या ब्राउझरांत पोचलं ते 2022 मध्ये.

मग सगळीकडे खोल प्रतच का काढू नये? ती महाग पडते. लाखो आकड्यांच्या तक्त्यातले थोडे आकडे पाहायला पूर्ण तक्ता उतरवणं परवडत नाही, म्हणून पायथनची आकडेमोडीची लायब्ररी नमपाय तुकडा मागितला की मूळ आकड्यांवरच उघडणारी खिडकी देते. लिनक्स याहून चतुर. एका प्रोसेसमधून दुसरी जन्मते तेव्हा दोघींची मेमरी आधी समाईकच ठेवली जाते, आणि कुणी एखाद्या पानावर लिहायला गेलं की तेवढ्याच पानाची प्रत निघते. लिहायची वेळ आलीच नाही तर पानांच्या नकलेचा खर्च शून्य. भाषा उथळ प्रत आधी देतात ते मला रास्त वाटतं, कारण कुठवर खोल जायचं हे त्या वस्तूच्या मालकालाच ठाऊक असतं.

आणि खोल प्रतही तळाला जात नाही. पायथनची 'डीपकॉपी' फंक्शन आणि क्लास यांची प्रत काढत नाही, जुनंच परत देते. उघडी फाइल किंवा कुलूप, म्हणजे लॉक, समोर आलं तर ती नकारच देते, कारण डिस्कवरची फाइल प्रोग्रामच्या मेमरीत नसते, पत्ता फक्त असतो. वलगावाहून पश्चिमेला भातकुली-दर्यापूरकडे गेलं की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. तिथे धाकट्यानं रागारागानं स्वतःची वेगळी विहीर खोदली, तरी तिलाही थोरल्याच्या विहिरीसारखंच खारं पाणी लागतं.